मुलाचं नाव घरावर लावण्याआधी

कॅनडात ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागाच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा सत्तावीस वर्षांचा, नोकरी चांगली, पण अजून आमच्याकडेच राहतो. भारतातून फोन आला की हमखास प्रश्न येतो, ‘अजून घर नाही घेतलं त्याने?’ त्याला आधार वाटावा म्हणून आमच्या घराच्या कागदांवर त्याचं नाव लावावं का?

ताई, आधी तो फोनवरचा प्रश्न मनातून काढून टाका. 2021 च्या जनगणनेत कॅनडातली 20 ते 34 वयाची 35.1 टक्के मुलं-मुली आई किंवा वडिलांच्या घरी राहत होती. ज्यांनी 25 ते 29 व्या वर्षी वेगळी चूल मांडली, त्यांच्यातही मालकीच्या घरात राहणारे 2011 मध्ये 44.1 टक्के होते, ते दहा वर्षांत 36.5 टक्क्यांवर आले. तुमचा मुलगा कुठेही कमी पडलेला नाही. आपण आलो तेव्हा जे एका पगारात जमलं, ते त्याला दोन पगारांतही जड जातंय.

आता नावाचं. कृपा करून घाई करू नका. ओंटारियोत पहिलं घर घेणाऱ्याला जमीन हस्तांतरण कराचे 4,000 डॉलरपर्यंत परत मिळतात. घर टोरंटो शहरात असेल तर आणखी 4,475 पर्यंत. अट अशी, की त्याच्या नावावर आधी जगात कुठेही घर किंवा घराचा हिस्सा नसावा. ‘जगात कुठेही’ हे शब्द आपल्या लोकांनी नीट वाचायला हवेत. आम्ही थोरलीच्या नावावर कोथरूडचा फ्लॅट मोठ्या हौसेने केला होता. तिने इथे घर घेतलं तेव्हा वकिलाने पहिल्याच भेटीत विचारलं आणि तो परतावा गेला. पैशापेक्षा तिचा उतरलेला चेहरा मला लागला. गावच्या वाड्यात वारशाने आलेला हिस्सा असेल तर तोही वकिलापासून लपवू नका.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. 2023 पासून पहिल्या घरासाठी एफएचएसए हे खातं मिळतं. वर्षाला 8,000, एकूण 40,000 डॉलर भरता येतात. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि पहिल्या घरासाठी काढताना व्याजासकट करमुक्त असते. पण ज्या घरात तो राहतो त्याच्या मालकीत त्याचं नाव असेल, तर हे खातं उघडताच येत नाही. म्हणजे आधार म्हणून लावलेलं नावच त्याची वाट अडवेल. त्यापेक्षा जमतील तेवढे पैसे त्याला द्या आणि त्याला खात्यात भरू द्या. वजावट त्याच्या उत्पन्नातून मिळेल.

पुढे डाउन पेमेंटला मदत कराल तेव्हा ती भेट आहे की उसने, हे घरात आधीच ठरवा. भेट असेल तर बँक तसं पत्र मागतेच. धाकटी मुलगी असेल तर तिलाही त्याच दिवशी सांगा. ही रक्कम लग्नानंतर राहत्या घरात गेली, तर पुढे नवरा-बायको वेगळे झाल्यास इथल्या कायद्याने ती त्यांच्यातल्या वाटणीबाहेर राहत नाही. हा विषय काढायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. म्हणून लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच काढा.

राहिला रोजचा प्रश्न. त्याच्याकडून दरमहा काही घ्या. ‘आपल्याच पोराकडून भाडं?’ असं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण किराणा आणि विजेचं बिल त्याच्याकडे दिल्यावर आमच्या धाकट्याच्या वागण्यात पाहुणेपणा उरला नाही. आठवड्यातून दोनदा स्वयंपाकही त्यानेच करायचा. किती वर्षं राहायचं आणि किती साठवायचं, हे एकदा सगळ्यांनी बसून कागदावर लिहा.

आणि ते एफएचएसए खातं 31 डिसेंबरच्या आत उघडायला सांगा. खातं उघडल्याशिवाय त्या वर्षाचे 8,000 भरण्याचा हक्क सुरूच होत नाही. एकदा उघडलं, की यंदा न भरलेली रक्कम पुढच्या वर्षी भरता येते.