पायथॉनच्या लिस्टमधून शून्य काढताना काही शून्य मागे का उरतात?

रावेरच्या केळीभावांच्या लिस्टमधून तुम्ही सुट्टीच्या दिवसांचे शून्य फॉर लूपमध्ये रिमूव्ह वापरून काढताय, आणि लागोपाठ दोन सुट्ट्या आल्या की एक शून्य तसंच राहतं, बरोबर ना? तुमचा डेटा ठीक आहे. गडबड चालत्या लूपमध्ये लिस्ट बदलण्याची आहे.

[१४५०, ०, ०, १५२०] घ्या. लूप फक्त क्रमांक लक्षात ठेवतो, आणि पायथॉनमध्ये मोजणी ० पासून होते. क्रमांक १ वरचं शून्य काढलं की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात, म्हणजे दुसरं शून्य १ वर येतं. लूप मात्र २ वर जातो, तिथे १५२०. दुसऱ्या शून्याकडे कोणी बघितलंच नाही! एररही येत नाही, म्हणून ही चूक फार त्रास देते. सरासरी गुपचूप खाली येते.

नवी लिस्टच बनवा: भाव = [भ फॉर भ इन भाव इफ भ > ०]. (फॉर, इन, इफ अर्थातच रोमन लिपीत, आकडेही 1, 2, 3 असे इंग्रजीच टाइप करा.) तीच लिस्ट दुसऱ्या नावानेही वापरात असेल तर डावीकडे भाव[:] लिहा, म्हणजे मूळ लिस्टच बदलेल. वर्षभराच्या भावांना एवढं पुरतं, पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी लागत नाही.