वाचकांचे प्रश्न : बाउहाउस आणि उल्म एकच का?

प्रश्न : मुलगी डिझाइनच्या एन्ट्रन्सची तयारी करतेय, तिच्या नोट्समधे बाउहाउस आणि उल्म ही नावं सारखी येतात. दोन्ही एकच का? आणि उल्म एवढं भारी होतं तर 15 वर्षांत बंद का पडलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, या जर्मनीतल्या दोन वेगवेगळ्या डिझाइन शाळा, उल्म हे नाव शहरावरून पडलं. बाउहाउस 1919 ला वायमारमधे आर्किटेक्ट ग्रोपियसने काढलं, पुढे डेसाऊ, मग बर्लिन, आणि 1933 ला नाझींच्या दबावाने संपलं. उल्म त्यानंतर 20 वर्षांनी आलं आणि त्याचं मूळ कलेत नाहीच, हे मुलीला आधी सांगा. हान्स आणि सोफी शोल या भावंडांना हिटलरविरोधी पत्रकं वाटली म्हणून 1943 मधे मृत्युदंड दिला, युद्ध संपल्यावर त्यांची मोठी बहीण इंगे आणि डिझायनर ओट्ल आयशर यांनी त्यांच्या नावाने फाउंडेशन काढलं आणि त्यातून 1953 ला ही शाळा सुरू झाली. पुन्हा हुकूमशाही नको असेल तर माणसाच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंपासून सुरुवात करायची, हा विचार मला आजही फार मोठा वाटतो.

गल्लत होते कारण उल्मचा पहिला रेक्टर, म्हणजे प्रमुख, माक्स बिल बाउहाउसमधेच शिकलेला, बिल्डिंग त्याचीच आणि 1955 च्या उद्घाटनाला खुद्द ग्रोपियस आला होता. पण बिलला डिझायनर म्हणजे कलावंत हवा होता, आणि माल्दोनादो, आयशर वगैरे शिक्षक म्हणत होते की गणित, अर्गोनॉमिक्स (वस्तू माणसाच्या शरीराला सोयीची कशी करायची ते शास्त्र), समाजशास्त्र शिकवा, कारखान्यातल्या लोकांसोबत काम करा. भांडण पेटलं, 1957 ला बिल गेला. माझ्या मते खरं उल्म तिथून पुढचं. ब्राउन कंपनीचे रेडिओ, लुफ्थान्सा विमान कंपनीची अख्खी व्हिज्युअल ओळख, रोएरिश्ट या विद्यार्थ्याने डिप्लोमासाठी केलेले एकावर एक रचता येणारे कपबशा-प्लेट्स, हे सगळं या शाळेतलं.

बंद पडलं ते पैशावरून. सरकारी अनुदान आटलं, राज्याच्या विधिमंडळाने अटी घातल्या, आत शिक्षकांचं आपसात पटत नव्हतं, आणि 1968 ला कुलूप लागलं.

आणि हो, आपल्याकडचा धागा म्हणजे सुधाकर नाडकर्णी सर. जे.जे.मधून उल्मला जाऊन शिकले आणि नंतर पवईच्या आयआयटीत 1969 ला सुरू झालेलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, त्यामुळे मुलगी तिथे गेली तर उल्मची पद्धत तिला वर्गातच भेटेल.