दुसऱ्यांदा विचारू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाणी तेवढंच आहे असं बालवाडीच्या मोठ्या गटातल्या मुलांना कितीदा समजावलं तरी ती उंच ग्लासातलं पाणीच जास्त म्हणतात, तर आपलं कुठे चुकतंय, असं तू विचारलंयस. तुझं चुकत नाही आणि मुलांचंही नाही. मात्र ते समजावणं आता थांबव.

जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी अलिना शेमिन्स्का यांनी मुलांपुढे हेच ठेवलं होतं. त्यांचं संख्येवरचं पुस्तक १९४१ साली फ्रेंचमध्ये निघालं. दोन सारख्या ग्लासांत पाणी असतं आणि मूल ते सारखं आहे म्हणतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओततात. चार-पाच वर्षांचं मूल लगेच सांगतं, आता यात जास्त झालं. हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा मण्यांचा प्रयोग. मूल दोन्ही हातांनी एकाच वेळी एकेक मणी टाकत जातं, एक या बरणीत, एक त्या बरणीत. एक बरणी रुंद, दुसरी अरुंद. टाकताना जोडी एकदाही चुकत नाही. तरी शेवटी बरण्यांकडे बघून तेच मूल म्हणतं, अरुंद बरणीत जास्त आहेत. स्वतःच्या हातांनी केलेल्या जोड्यांपेक्षा डोळ्यांना दिसणारी उंची त्याला खरी वाटते. मग आपण तोंडाने सांगितलेलं त्याला कसं पटावं?

ते बदलतं, पण हळूहळू आणि सगळीकडे एकदम नाही. चिंचोक्यांची ओळ पसरवली तरी चिंचोके तेवढेच, हे साधारण सहा-सातच्या सुमारास पटतं. पाणी आणि कणकेचा गोळा सात-आठला. वजन त्यानंतर, नऊ-दहाच्या आसपास. ही वयं दगडावरची रेघ समजू नकोस. तुझी मुलं पाच वर्षांची आहेत, एवढं मात्र ध्यानात ठेव.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे तू मुलांना जो प्रश्न विचारतेस त्याकडे. आधी तू विचारतेस, "दोन्हीत सारखं आहे का?" मूल "हो" म्हणतं. तू पाणी ओततेस आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतेस. आपल्याकडे आईने किंवा ताईने तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला काय वाटतं? पहिलं उत्तर चुकलं, दुसरं द्यायला हवं. सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ साली हेच तपासलं. त्यांच्या प्रयोगात पाण्याऐवजी वस्तूंच्या ओळी होत्या. ओळ पसरवण्याआधीचा प्रश्न त्यांनी गाळला, फक्त नंतर एकदाच विचारलं, आणि पहिलीतल्या मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच वर्षी जेम्स मॅक्गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ पसरवण्याऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाने येऊन ती विस्कटली. मोठ्या माणसाने ओळ हलवली तेव्हा चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी १३ जणांनी 'सारखेच' म्हटलं. अस्वलाने हलवली तेव्हा ५० जणांनी.

म्हणून पाच वर्षांच्या मुलाला सगळं आधीच कळतं असं मी म्हणणार नाही. अस्वलाच्या गडबडीत मुलांचं बदलाकडे लक्षच जात नसावं, अशी शंका पुढच्या संशोधकांनी काढली आणि मला ती रास्त वाटते. आपल्यापुरतं एवढंच घे, की मूल आपल्या प्रश्नाचं उत्तर देत असतं तसं आपल्या चेहऱ्याचंही देत असतं. एकदाच विचार. आणि "कशावरून?" हे बरोबर उत्तरानंतरही विचार, नाहीतर चार दिवसांत मुलांना कळतं की ताई "कशावरून" म्हणाली की उत्तर बदलायचं.

अंकांबद्दल तू फार थोडं लिहिलंस. "सगळ्यांना पन्नासपर्यंत येतं" एवढंच. यापुढे चिंचोक्यांची टोपली घेऊन एकेका मुलाजवळ बस आणि म्हण, "मला तीन दे." अंक घडाघडा म्हणणारं एखादं मूल मूठभर चिंचोके तुझ्या हातावर ठेवील आणि समाधानाने तुझ्याकडे बघेल. मोजायला सांगितलंस तर ते बोट लावून नीट मोजेल, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "मग किती झाले?" विचारलंस तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. शेवटचा अंक म्हणजे सगळ्या ढिगाचं उत्तर, हे त्याच्यापर्यंत अजून पोचलेलं नसतं. कॅरन विन यांनी १९९० साली हाच टप्पा नीट मांडला. आधी मुलाला फक्त 'एक' कळतो, बाकी काहीही मागा, मूठभर मिळतं. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, मग 'तीन'. त्यानंतर कधीतरी त्याला मोजण्यातलं मर्म सापडतं आणि मागाल तेवढे मोजून देता येतात. तुझ्या पन्नास म्हणणाऱ्या मुलांपैकी कोण कुठे आहे, हे टोपली तुला दोन दिवसांत सांगेल.

मुलांच्या हातांकडेही बघ. ब्रेकिंग्रिज चर्च आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी १९८६ साली दाखवलेली ही गोष्ट मला फार आवडते. मूल तोंडाने "हे उंच आहे म्हणून जास्त" म्हणतं, पण हात त्याच वेळी ग्लासाभोवती वळून त्याचा बारीकपणा दाखवत असतो. रुंदीचा विचार हातात आलाय, जिभेवर यायचाय. अशी मुलं शिकवल्यावर लवकर पुढे सरकतात. तुझ्या वर्गात असं मूल दिसलं की त्या दिवशी त्याच्याजवळ जास्त वेळ थांब.

समजावण्याऐवजी काय करायचं? ओतू दे. फुलपात्र, लोटा, पसरट वाटी, बाटली, नरसाळं, खाली एक परात, आणि पाणी सांडलं तर पुसायला फडकं. परत ओतायला सांग, पण "बघ, सारखंच आहे ना?" असं म्हणू नकोस. कणकेचा गोळा देऊन त्याची लाटी कर, वळी कर, पुन्हा गोळा कर, असं मुलांना सांग. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवर १९६९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच, हे ती मुलं बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा लवकर ओळखत होती. त्यांचे हात रोज मातीत असत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ साली काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा त्यांनी बालवाडीचं साहित्य परिसरातूनच उभं केलं. तुलाही काही विकत आणायची गरज नाही.

खाऊच्या वेळी वाटप मुलांकडे सोपव. प्रत्येकासमोर एक वाटी, प्रत्येक वाटीत एक लाडू. एखाद्याने लाडू फोडून चार तुकडे केले की शेजारचा "त्याला जास्त!" म्हणून रडणारच. त्याला तू उत्तर देऊ नकोस, आजूबाजूची मुलं भांडू देत. त्या भांडणात कोणीतरी म्हणेल, "त्याने फोडलाय फक्त." कोणी म्हणेल, "परत चिकटव, मग बघ." कोणी पाण्याबद्दल म्हणेल, "उंच झालं, पण बारीकपण झालं." ही तीन कारणं मुलं स्वतः देऊ लागली की समज, काम होत आलंय.

पालकसभेत शंभरपर्यंत लिहून घ्या असा आग्रह होणार, हे तू लिहिलंयस. वाद घालू नकोस. टोपली घेऊन जा आणि प्रत्येक आईला आपल्या मुलाकडून पाच चिंचोके मागायला सांग. कोणी हसलं तर तेवढं सांभाळ, मुलाची फजिती होता कामा नये. मग त्यांना सांग की घरी ताटं मांडायला, भाकऱ्या वाढायला, मापाने तांदूळ काढायला मुलाला सोबत घ्या.

एक वही कर. मूल जे कारण देईल ते त्याच्याच बोलीत, न सुधारता उतरव आणि शेजारी तारीख घाल. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन ये, आपण बसून वाचू.

तुझी,
ताई