फ्लॅश मध्येच बंद पडतो, पण फॉल्टचं रजिस्टर शून्य दाखवतं. चिप गेली आहे का?

तुम्ही लिहिलंय, की फ्लॅश तीन-चार फोटोंना नीट लागतो आणि मग पेटतच नाही. आय-टू-सीवर (प्रोसेसर आणि चिप जोडणाऱ्या दोन तारांवर) फ्लॅशचा एलईडी चालवणारी चिप उत्तर देते, पण फॉल्टचं रजिस्टर (चिपमधली बिघाड नोंदवायची जागा) दर वेळी शून्य येतं, आणि तुमच्या दोन चिपा बदलून झाल्यात. तिसरी बदलू नका. चिपने बहुतेक तक्रार केलेली आहे. ती तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी पुसून टाकतंय.

हे ठामपणे म्हणतोय, कारण याच खड्ड्यात मी अडीच आठवडे काढलेत. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही वीजमीटरचे फोटो काढायचं हातातलं यंत्र बनवत होतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत मीटर जिन्याखाली असतात, तिथे भर दुपारीही हात दिसत नाही, म्हणून १ अँपियरवर चालणारा पांढरा एलईडी घेतला होता. माझ्या टेबलावर दोनशे फोटो काढले, एकदाही चुकला नाही. शुक्रवार पेठेतून मात्र रोज संध्याकाळी फोन यायचा, "सर, चार मीटर झाले की फ्लॅश झोपतो. बंद करून चालू केलं की उठतो." लॉगमध्ये फॉल्ट शून्य. मी मनातल्या मनात फोटो काढणाऱ्या पोरांनाच दोष देत होतो, हे कबूल करतो.

शेवटी सापडलं ते असं. आमच्या कोडमध्ये ते रजिस्टर दोनदा वाचलं जात होतं. इंटरप्ट (चिपने लक्ष वेधायला दिलेला इशारा) आला की ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा कोड, एकदा वाचायचा, काहीतरी झालंय एवढं बघायचा आणि आकडा तिथेच सोडून द्यायचा. मग लॉग लिहिणारं फंक्शन तेच रजिस्टर पुन्हा वाचायचं. आता या जातीच्या बऱ्याच चिपांत फॉल्टचे बिट (एकेका बिघाडाची एकेक खूण) वाचताक्षणी पुसले जातात. सोसायटीच्या पत्रपेटीसारखं आहे: आधी उघडेल तो पत्र घेऊन जातो, मागून येणाऱ्याला रिकामी पेटी. आमचा लॉग दर वेळी मागून येत होता.

त्यात दुसरी गोम होती. गंभीर फॉल्ट आला की चिप नुसता बिट लावून थांबत नाही, स्वतःच स्टँडबायमध्ये (विश्रांतीत) जाते आणि मोडचे, म्हणजे फ्लॅश की बंद हे ठरवणारे, बिट शून्य करते. काही चिपा तर फॉल्ट वाचल्याशिवाय नवा मोड घेतच नाहीत. आमचा ड्रायव्हर मात्र 'मोड फ्लॅशच आहे' असं स्वतःच्या आठवणीत धरून बसला होता आणि पुढच्या फोटोंना नुसती स्ट्रोबची ('आता पेट' असं सांगणारी) तार हलवत होता. यंत्र बंद-चालू केलं की सगळी रजिस्टरं नव्याने लिहिली जायची, म्हणून ते 'उठायचं'.

मग पहिल्याच वाचनाला आकडा जपून ठेवला. त्याच्याबरोबर वेळ, बॅटरीचा व्होल्टेज आणि मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणारा भाग) काय करतोय तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर हातात: इनपुट व्होल्टेज मर्यादेखाली गेल्याचा बिट. चार फोटो साठले की यंत्र ते २जीवरून पाठवायला लागायचं, आणि नेमका तेव्हा पाचवा फ्लॅश. जीएसएमचा मोडेम ४.६ मिलिसेकंदांत एकदा, अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ, जवळपास २ अँपियर ओढू शकतो. फ्लॅशचं गणित करा: एलईडीवर ३.५ व्होल्ट आणि १ अँपियर म्हणजे ३.५ वॉट, बूस्टची (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटची) कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीकडून ४ वॉटच्या वर. बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दबलेली असताना ते झाले १.४ अँपियर. मोडेमसकट ३.४. बॅटरी, कनेक्टर आणि ट्रॅक मिळून ०.१५ ओहम धरा, अर्धा व्होल्ट तिथेच गेला. दुपारनंतर ३.४ व्होल्टवर आलेली बॅटरी २.९ वर, आणि त्याखाली फ्लॅश तोडायचा असं मीच सेट केलेलं. टेबलावर माझ्याकडे ४ व्होल्टचा जाडजूड पॉवर सप्लाय होता आणि यंत्रात सिम नव्हतं. काय बिघडणार होतं डोंबलाचं!

चिपला 'मोडेम बोलतोय, करंट कमी कर' असं सांगणारी पिन होती. आमच्या बोर्डावर ती ग्राउंडला जोडलेली, कारण सर्किट काढताना मला ती बिनकामाची वाटली होती. नवीन बोर्ड येईपर्यंत फ्लॅश संपल्याशिवाय फोटो पाठवायचे नाहीत, एवढ्यावर भागवलं.

तुमच्याकडे बिट हाती लागला, तरी त्याचं नाव वाचून लगेच निदान करू नका. चिप तिला जे मोजता येतं तेवढंच सांगते. एलईडीची वाट तुटली तर 'ओपन' असा बिट बहुतेक नसतोच. करंट वाहत नाही म्हणून बूस्ट व्होल्टेज चढवत जातो, ५ व्होल्टच्या आसपास मर्यादा लागते आणि तुम्हाला दिसतो ओव्हरव्होल्टेज. आमच्या एका बोर्डावर हा बिट फक्त दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅशला यायचा. भिंग लावलं तेव्हा एलईडीच्या पॅडला केसाएवढी चीर दिसली. तापला की सोल्डर सुटायचं, थंड झाला की चिकटायचं. शॉर्टचा बिट त्या मानाने सरळ: करंट चालू असूनही एलईडीच्या पिनवर जेमतेम काही दशांश व्होल्ट.

टाइमआउटला तर फॉल्ट म्हणायचं की नाही, हाच प्रश्न आहे. स्ट्रोबची तार वर अडकली तर एलईडी जळू नये म्हणून ते घड्याळ असतं. पण आय-टू-सीवरून फ्लॅश लावला तर तो त्याच घड्याळाने संपतो, आणि काही चिपा तेव्हाही तो बिट लावतात. आमचा एक जण तो बघून दोन दिवस घाबरून होता. तापमानाचे बिट दोन निरनिराळे असू शकतात, एक चिपच्या आतला आणि एक एलईडीजवळच्या थर्मिस्टरचा (तापमान मोजणाऱ्या छोट्या भागाचा). दुसरा आला तर आधी थर्मिस्टर बोर्डावर खरंच लावलाय का ते बघा.

तुम्ही लिनक्सवर असाल तर एलईडी फ्लॅशच्या सिसएफएस (हार्डवेअरची माहिती फाइलींसारखी दाखवणाऱ्या) फोल्डरमध्ये फ्लॅश-फॉल्ट नावाची फाइल मिळेल, आणि कॅमेऱ्याच्या व्ही-फोर-एल-टू (लिनक्सची व्हिडिओ व्यवस्था) कंट्रोल्समध्येही फॉल्टचं कंट्रोल आहे. टर्मिनलमधून सहज म्हणून ती फाइल वाचलीत, तर ते वाचनही चिपपर्यंत जाऊ शकतं आणि मग तुमच्या प्रोग्रॅमला शून्य मिळतं. डीबग करताना एकालाच वाचू द्या.

एवढं करूनही शून्यच आलं, तर चिप मधेच रीसेट होतेय असं धरा. इनेबलची (चिप चालू ठेवणारी) पिन क्षणभर खाली गेली किंवा पुरवठा फारच कोसळला की रजिस्टरं मूळ किमतीवर येतात आणि फॉल्टचे बिटही जातात. तपासायला सोपं आहे. करंटच्या रजिस्टरमध्ये डीफॉल्ट नसलेली एखादी किंमत लिहून ठेवा आणि फ्लॅश रुसल्यावर तेच रजिस्टर वाचा. लिहिलेली किंमत परत आली तर चूक कोडमध्ये शोधा. डीफॉल्ट आली तर ऑसिलोस्कोपचा एक प्रोब इनेबलवर, दुसरा चिपच्या अगदी जवळच्या कपॅसिटरवर लावा आणि काय दिसतं ते इथे कळवा.