जर्सीवरचा जुना बिल्ला

प्रश्न : आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा पहिला जरीचा बिल्ला सापडलाय. जरीचे धागे काळे पडलेत. चिंचेनं घासून लॅमिनेट करावा का? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नको! हवेतल्या गंधकानं जरीतली चांदी काळवंडते. चिंचेच्या आम्लानं मुलामा उतरतो, आतला रेशमी दोरा कुजतो. लॅमिनेशनच्या उष्णतेनं डिंक कापडात मुरतो, तो परत निघत नाही. आधी शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मूळ रंग बहुधा उलट्या बाजूलाच टिकलेला असतो. धूळ मऊ ब्रशनं झटका. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटावर कडेनं सैल टाके घाला. फ्रेममध्ये काच बिल्ल्यापासून किमान ५ मिलिमीटर दूर हवी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरलीच. ऊन टाळा. आणि उदबत्तीच्या धुराखाली तर नकोच.