शंका इंग्रजीची : ‘पुट ऑफ’ नेमकं कसं वापरायचं?

प्रश्न : आमच्या शाळेचं गॅदरिंग गुरुवारचं शनिवारवर गेलं. इंग्रजी नोटीस लिहिताना मी ‘द गॅदरिंग हॅज बीन पुट फॉरवर्ड टू सॅटर्डे’ असं लिहिलं. सरांनी ‘फॉरवर्ड’ खोडून ‘ऑफ’ केलं. पुढे ढकलणं म्हणजे फॉरवर्डच ना?
– दहावीची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : सरांनी खोडलं ते योग्यच. फॉरवर्ड म्हणजे पुढे हे खरं, पण तारखांच्या बाबतीत इंग्रजीची दिशा आपल्या उलट आहे. कार्यक्रम ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा ‘पुट फॉरवर्ड’ केला, म्हणजे तो ठरल्या दिवसाच्या आधी घेतला. आपण ‘अलीकडे घेतला’ म्हणतो, तो अर्थ. उशिराची तारीख द्यायची असेल तर ‘पुट ऑफ’, ‘पोस्टपोन’, नाहीतर ‘पुश बॅक’. म्हणजे आपण पुढे ढकलतो तिथे इंग्रजी मागे ढकलते. तुमची नोटीस वाचून बाहेरगावचे पाहुणे आधीच्या शनिवारीच शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले असते.

ही चूक आपल्या भागात जास्त घट्ट बसते, कारण कन्नडचा ओढाही त्याच बाजूचा आहे. ‘मुंदूडु’ या क्रियापदातही ‘पुढे’ आहेच. घरात मराठी आणि बाजारात कन्नड ऐकणाऱ्या मुलाला दोन्हीकडून एकच दिशा मिळते. म्हणून ‘पुढे = फॉरवर्ड’ असं पाठ करण्याऐवजी पूर्ण वाक्यच तोंडात बसवा : ‘द गॅदरिंग हॅज बीन पुट ऑफ टिल सॅटर्डे.’

या वाक्यातला ‘टिल’ फार महत्त्वाचा. ‘शनिवारवर’ मधल्या ‘वर’मुळे हात आपोआप ‘ऑन सॅटर्डे’ लिहितो. पण ‘वॉज पुट ऑफ ऑन सॅटर्डे’ म्हणजे पुढे ढकलण्याचा निर्णय शनिवारी झाला. कार्यक्रम कधी आहे, हे त्यातून कळतच नाही. किती दिवसांनी लांबलं हे सांगायचं असेल तर ‘बाय टू डेज’. अलीकडे घेण्यासाठी ‘प्रीपोन’ हा शब्द भारतात सगळ्यांना कळतो. परदेशी पत्रात मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिलेलं बरं.

प्रश्न : ग्राहकाला ईमेल करताना मी ‘वी हॅव पुट ऑफ इट’ लिहिलं होतं. साहेबांनी ते ‘पुट इट ऑफ’ केलं, पण त्याच ईमेलमधल्या ‘पुट ऑफ द डिस्पॅच’ला हात लावला नाही. दोन्हीकडे नियम वेगळा का?
– फौंड्रीतील डिस्पॅच विभाग, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : नाम असेल तर दोन्ही जागा चालतात : ‘पुट ऑफ द डिस्पॅच’ आणि ‘पुट द डिस्पॅच ऑफ’. सर्वनाम असेल तर एकच जागा, मधली : पुट इट ऑफ, पुट देम ऑफ, पुट मी ऑफ. ‘पुट ऑफ इट’ हे सरळ चूक. कारण ऐकून ओळखता येतं. इंग्रजी वाक्यात जोर शेवटाकडे येतो आणि ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली, बिनजोराची गोष्ट. ती शेवटी ठेवली तर वाक्य लटकतं. मोठ्यांदा म्हणून पाहा : ‘पुट’ आणि ‘इट’ जोडून जातात आणि आवाज ‘ऑफ’वर चढतो.

नाम लांबलचक असेल तर मात्र ‘ऑफ’ आधीच उरकून घ्या. ‘पुट ऑफ द डिस्पॅच ऑफ द पंप कास्टिंग्ज ऑर्डर्ड इन मार्च’ हे नीट वाचता येतं. ‘ऑफ’ पार मार्चनंतर टाकला तर तिथे पोहोचेपर्यंत वाचणारा ‘पुट’ विसरलेला असतो.

तुमच्या कामात व्याकरणापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. ‘पुट ऑफ’ म्हणजे कुणीतरी ठरवून पुढे ढकललं. भट्टी बंद पडली, वीज गेली, ट्रक आला नाही, अशा वेळी ‘वी हॅव पुट ऑफ युवर डिस्पॅच’ लिहिलं तर ग्राहकाला वाटतं की याने आपला माल मुद्दाम मागे टाकला. तिथे ‘द डिस्पॅच हॅज बीन डिलेड’ लिहा. नवी तारीख तुम्ही स्वतः ठरवलीत तर असं लिहिता येईल :

‘द फर्नेस इज अंडर रिपेअर. वी हॅव हॅड टू पुट द डिस्पॅच ऑफ टिल द ट्वेल्थ. वी विल नॉट पुट इट ऑफ अगेन.’

‘हॅव हॅड टू’मुळे नाइलाज कळतो. आणि ‘कॉल ऑफ’ इथे चुकूनही नको. त्याचा अर्थ रद्द करणं, मग ग्राहक ऑर्डर दुसरीकडे देऊन मोकळा होईल.

प्रश्न : ‘ही पुट ऑफ टू गो टू द डेंटिस्ट’ आणि ‘द एक्झॅम पुट ऑफ’ ही वाक्यं सराव परीक्षेत चूक ठरली. का?
– स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, निपाणी

उत्तर : ‘पुट ऑफ’नंतर क्रिया आली की ती ‘इंग’च्या रूपात : ‘ही पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ ‘पोस्टपोन’लाही हेच लागू.

दुसऱ्यात ‘वॉज’ गळलं. मराठीत परीक्षा आपली आपण ‘पुढे जाते’, इंग्रजीत तिला कुणीतरी पुढे ढकलावं लागतं : ‘द एक्झॅम वॉज पुट ऑफ.’ महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याबद्दल लिहितानाही ‘द हिअरिंग वॉज पुट ऑफ’ असंच, फक्त न्यायालयीन बातमीत ‘अ‍ॅडजर्न्ड’ हा शब्द जास्त शोभतो.

चूक शोधण्याच्या प्रश्नात आणखी एक जागा तपासा. भूतकाळातही ‘पुट’च राहतं. त्यामुळे ‘ही पुट्स ऑफ’ वर्तमानकाळ आणि ‘ही पुट ऑफ’ भूतकाळ. फरक एका ‘एस’चा. ‘पुटिंग’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘टी’.

प्रश्न : मुलाच्या धड्यात ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ असं वाक्य आहे. वास जेवण पुढे कसं ढकलेल? आणि दिवा बंद करण्यासाठी ‘पुट ऑफ द लाइट’ चालतं का?
– गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : इथे अर्थ वेगळा आहे : वासाने जेवणावरची वासनाच उडाली. ‘पुट’नंतर माणूस आला की तारखेचा अर्थ बाजूला ठेवायचा आणि दोन शक्यता पाहायच्या. एक, मन उडणं. कशावरून उडालं ते ‘ऑफ’नंतर येतं, जसं इथे ‘माय फूड’. दुसरी, टोलवणं. जमिनीच्या उताऱ्यासाठी कचेरीत गेलेल्या शेतकऱ्याला रोज ‘उद्या या’ ऐकावं लागतं, ते इंग्रजीत ‘दे कीप पुटिंग मी ऑफ’. या एका वाक्यात सगळी टोलवाटोलवी येते. मुलाला दोन्ही अर्थ एकत्रच शिकवा, म्हणजे उताऱ्यावरच्या प्रश्नांत तो गोंधळणार नाही.

दिव्यासाठी ‘पुट ऑफ’ चूक नाही, पण आता ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त रुळलेलं आहे. ‘ऑफ द लाइट’ मात्र नको; त्यात क्रियापदच नाही.