विंडोज १० बंद पडलं, ११ चढत नाही. लिनक्स टाकलं तर गेम चालतील का?

चालतील. फक्त व्हॅलोरंट आणि जीटीएचं ऑनलाइन चालणार नाही. तुमचा जीव त्यातच असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, विंडोज राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की पीसी सहाव्या पिढीचा आय५ आहे, रॅम ८ जीबी, कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ तुमच्या प्रोसेसरला दारातच उभं करतं, कारण त्याला इंटेलची आठवी पिढी लागते. खेळता जीटीए ५, विचर ३ आणि व्हॅलोरंट. आणि विचारताय, "कोणतं लिनक्स टाकू?" तुम्ही चोपड्याचे, मी भुसावळचा, म्हणून मोकळंच सांगतो भाऊ: कोणतं लिनक्स (त्याचे प्रकार बरेच आहेत) हा प्रश्न नंतरचा. आधी कोणते गेम ते बघायचं.

हे का, ते कळायला नवापूरचं रेल्वे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये, बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. त्यावर बसलेल्याला आपण हद्द ओलांडली हे कळतही नाही. लिनक्सवर विंडोजचा गेम असाच बसतो. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो, फाइल उघड, आवाज काढ, चित्र काढ. मधे वाइन नावाचा दुभाषी आहे, तो तीच मागणी लिनक्सच्या भाषेत पुढे सरकवतो. हे काम १९९३ पासून चालू आहे. चित्रांचा भाग सगळ्यात अवघड होता, तो डीएक्सव्हीके सोडवतं: डायरेक्टएक्स ही विंडोजची चित्रांची भाषा, तिचं ११ पर्यंतचं बोलणं ते व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या भाषेत बदलतं. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी आहे. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने हे सगळं एकत्र बांधून २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन या नावाने स्टीममध्येच घातलं. २०२२ मध्ये त्यांचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी आला, तो लिनक्सवरच चालतो, त्यामुळे त्यांचा स्वतःचा धंदाच यावर उभा राहिला. तिथून सुधारणेला जो वेग आला तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता व्हॅलोरंट. त्याचा व्हॅनगार्ड नावाचा, चिटिंग पकडणारा पहारेकरी फलाटावर उभा राहत नाही. त्याला थेट स्टेशनमास्तरच्या खोलीत, म्हणजे विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात, बसायचं असतं, तेही पीसी सुरू झाल्यापासून. दुभाषी फलाटावरचा माणूस, तो त्याला त्या खोलीत नेऊ शकत नाही, आणि लिनक्सच्या खोलीत विंडोजच्या ड्रायव्हरला खुर्चीच नाही. म्हणून कोणतंही लिनक्स टाका, उत्तर तेच. लीग ऑफ लेजंड्सही २०२४ पासून याच कारणाने गेला.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय हेही असेच पहारेकरी, पण त्यांची गोष्ट वेगळी. ते २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने तशी परवानगी दिली तरच. फोर्टनाइटवाल्यांनी दिली नाही. एपेक्स लेजंड्स चांगला चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी दार लावून घेतलं. तुमच्या जीटीएचंही तसंच झालं: सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइनला बॅटलआय बसवलं आणि लिनक्सवाले बाहेर राहिले. स्टोरी मोड मात्र चालतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांची तर लिनक्सची स्वतःची आवृत्तीच आहे. थोडक्यात, एकट्याने खेळायचे गेम बहुतेक सगळे चालतात, आणि दोस्तांबरोबर खेळायच्या गेममध्ये दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं. मला याचा राग येतो, पण राग येऊन गेम चालत नाही. म्हणून आज रात्री एवढंच करा: प्रोटॉनडीबी या साइटवर तुमच्या प्रत्येक गेमचं नाव टाका. ज्यांनी खरंच खेळून पाहिलंय त्यांचे शेरे तिथे असतात. प्लॅटिनम, गोल्ड दिसलं तर निर्धास्त, बोर्क्ड, म्हणजे चालतच नाही, असं दिसलं तर सोडून द्या.

(भाचा विचारतोच म्हणून लिहितो: फ्री फायरसाठी तुम्ही ब्लूस्टॅक्स (पीसीवर अँड्रॉइडचे गेम चालवणारं) वापरत असाल तर ते लिनक्सवर येत नाही. त्याच कामाचं वेड्रॉइड आहे, पण गेमसाठी त्याच्या नादी लागू नका.)

कार्डाबद्दल. माझ्याकडे आरएक्स ५८० आहे. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतो, मला काहीच टाकावं लागलं नाही. तुमच्या एन्व्हिडियाला ड्रायव्हर वेगळा टाकायचा, आणि त्यात एक मेख आहे: तुमच्या कार्डाच्या पिढीसाठी ५८० ही शेवटची मालिका. (माझं कार्डही ५८० आणि तुमचा ड्रायव्हरही ५८०, गोंधळू नका.) आर्चच्या घराण्यातली लिनक्सं सतत नवीन ड्रायव्हर ओढतात, तिथे जुन्या कार्डाची ओढाताण होते. म्हणून तुमच्यासाठी माझं मत लिनक्स मिंट २२. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मेन्यूत ड्रायव्हर मॅनेजर आहे, त्यात ५८० निवडा, रीस्टार्ट, झालं. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद ठेवा, नाहीतर ड्रायव्हर टाकूनही कार्ड झोपलेलं राहू शकतं. बझाइट, नोबारा, कॅचीओएस या दुसऱ्या लिनक्सची नावं व्हिडिओत ऐकाल. चांगली आहेत, नवीन कार्ड घेतलंत की बघू.

डायरेक्टएक्स १२ चे गेम जुन्या एन्व्हिडियावर लिनक्समध्ये बरेच हळू पडतात. विचर ३ सुरू करताना लाँचर ११ की १२ विचारतो, तिथे ११ निवडा. चार जीबीच्या कार्डावर तसंही तेच शहाणपणाचं. रॅमची आणखी एक ८ जीबीची कांडी मिळाली तर जरूर लावा, फरक लगेच दिसेल.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. मी विंडोज न काढता शेजारी लिनक्स टाकलं आणि विचार केला, गेम तर डी ड्राइव्हमध्ये आहेतच, तिथूनच चालवू. स्टीमला ड्राइव्ह दाखवला, सगळे गेम दिसले, प्ले दाबलं. बटण हिरवं, निळं, परत हिरवं. पुढे काही नाही. दोन दिवस प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसलो. अमळनेरचे मामा आले होते, काळ्या स्क्रीनवर पळणारी अक्षरं बघून म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ? कम्प्युटर बिघडना का?" बिघडला नव्हता. डी ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा होता. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं विंडोज उभं करतो आणि त्यात "सी" पुढे विसर्गासारखे दोन टिंब असलेल्या नावाचा दुवा बनवतो. विंडोजच्या नियमाने असं नाव चालत नाही, म्हणून तिथे गडबड होते. उपाय साधा: डिस्कवर लिनक्सचं स्वतःचं एक्सटी४ पद्धतीचं पार्टिशन (वेगळा भाग) करा आणि गेम तिथे ठेवा.

पण परत डाउनलोड करू नका! जीटीए शंभर जीबीच्या वर आहे, रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर पावसाळा निघून जाईल. प्रोटॉनवर फाइली विंडोजच्याच लागतात. म्हणून स्टीमच्या कॉमन फोल्डरमधलं गेमचं फोल्डर जसंच्या तसं नवीन जागी कॉपी करा, मग स्टीमला इन्स्टॉल सांगा. तो आधी असलेल्या फाइली तपासतो आणि जे कमी असेल तेवढंच ओढतो. एपिकच्या ऑनलाइन दुकानातून फुकट घेतलेले गेम असतील तर हिरोइक नावाचा लाँचर टाका.

स्टीम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेताना फ्लॅटपॅकवालं घेऊ नका, साधं सिस्टिम पॅकेज घ्या. कटकटी कमी.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर विंडोजचं घड्याळ एक दिवस साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नका, बॅटरी गेलेली नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितो, विंडोज तीच भारताची वेळ समजतो. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, शोधलीत की सापडेल. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर तो अर्धवट झोपतो आणि लिनक्सला त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

आपल्याकडची गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोरसुद्धा कार्ड तापतंच. मी मँगोहड टाकलंय, ते स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) दाखवतं, आणि त्यातच एफपीएसला मर्यादा घालता येते. उन्हाळ्यात मी ४५ एफपीएसवर बांधतो. पंख्याचा आवाज निम्म्यावर येतो आणि विचरमध्ये घोडा तसाच पळतो. विजेचं काय सांगू, दीपनगरचं वीज केंद्र आमच्या उशाशी, तरी जायची तेव्हा जातेच. एक्सटी४ ने असे धक्के बरेच पचवलेत. पण पार्टिशन करायच्या दिवशी पीसी इन्व्हर्टरवर ठेवा, आणि त्याआधी फोटो नि कॉलेजची कामं पेनड्राइव्हवर काढून घ्या.

इतकं करूनही व्हॅलोरंट सुटत नसेल, तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे एक छोटी एसएसडी वेगळी आणा. लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तिला धक्का लागणार नाही. नंतर पीसी सुरू करताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवडायची. माझ्या भाच्याचा पीसी असाच आहे. दोस्त ऑनलाइन असले की तो विंडोजवर, नसले की लिनक्सवर. परीक्षेच्या महिन्यात विंडोजच्या डिस्कची केबल ताई काढून ठेवते.